शिवण वर यायला हवी

पप्पा,

गेल्या शुक्रवारी जनाबियाच्या मैदानावर मी तुझ्या मुलाचं हेल्मेट काढून घेतलं आणि त्याने मागितल्यावर परत दिलं नाही. त्याने ओढलं, मी सोडलं नाही, तेव्हा त्याने मला हेल्मेटसकट मैदानावरून फरफटत नेलं. माझी हनुवटी फाटली, टाके घालावे लागले. आज बुधवार. तो माझ्याशी बोलत नाही. मम्मी बोलते, पण ओट्याकडे तोंड करून. मी केलं ते बरोबर होतं की चूक, हे मला कुणाला तरी विचारायचं आहे, आणि विचारण्यासारखी जी माणसं आहेत ती सगळी त्या दिवशी मैदानावर होती किंवा या घरात राहतात. तू दोन्हीकडे नाहीस. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली.

सांगताना सुरुवातीपासून सांग, मधूनच उडी मारू नकोस, हे तुझंच वाक्य. माझी पहिली शाळा तू होतास. बहरीनमध्ये, मुहर्रकला विमानतळामागच्या गल्लीत आपली दोन खोल्यांची जागा होती. शाळेत प्रवेश मिळत नव्हता, मम्मीची हॉस्पिटलात दिवसाची ड्यूटी आणि तुझी विमानतळावर रात्रपाळी, त्यामुळे सकाळी घरात तू आणि मी. झोपायच्या आधी तू मला शिकवायचास. बॅगांना लावायच्या चिकटपट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर बाराखडी लिहून तू त्या भिंतीला लावल्या होत्यास. जागा सोडताना त्या काढल्या तर भिंतीचा रंगही सोबत आला. पाढे मात्र पॅसेजमध्ये. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, पाठीमागे सोफ्याची गादी उभी करून. तू बाहेरच्या दाराशी, माझ्याकडे पाठ, कमरेत वाकलेला, दोन पायांच्या मधून उलटं डोकं काढून माझ्याकडे बघणारा. हातात तो दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी चेंडू. "सात आठे?" तू उलट्या तोंडाने विचारायचास. "छप्पन." चेंडू यायचा. उत्तर चुकलं तरी यायचा, पण जोरात. "हात पुढे. पोटाशी नाही, नाकाशी नाही. पुढे." एकदा मी सात नव्वे विसरले आणि त्या गडबडीत हात पुढे करायलाही विसरले. वरचे दोन दात गेले. दुधाचे होते. तू बेसिनपाशी माझं तोंड धुतलंस, चूळ लाल यायची थांबेपर्यंत चुळा भरायला लावल्यास आणि म्हणालास, "त्रेसष्ट. आता मरेपर्यंत विसरणार नाहीस." नाही विसरले.

हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ आपल्याकडे कुणी ऐकलेलाही नव्हता. वसईला फुटबॉल म्हणजे चर्चच्या मैदानावरचा, पायाने खेळायचा. तू तर तोही खेळला नव्हतास. तू विमानाच्या पोटात सामान रचायचास. आत ताठ उभं राहता येत नाही. वाकून राहायचं, दारातून बॅग घ्यायची, वळायचं, मागे ठेवायची. तू वळण्याचा कंटाळा केलास. पायांमधून मागे फेकायचास आणि बॅग जिथे हवी तिथे जाऊन बसायची. तुझा सुपरवायझर मुहर्रकचाच बहरीनी, अमेरिकेत शिकून येताना हा खेळ घेऊन आलेला. त्याने एकदा दारातून डोकं आत घालून बघितलं आणि म्हणाला, "क्या बाबा, पीछे भी आँख है?" पुढच्या शुक्रवारी तो तुला गाडीत घालून मैदानावर घेऊन गेला. तिथे अमेरिकन होते, लेबनीज होते, बहरीनी होते, भारतीय तू एकटा. संघात चेंडूला लाथ मारून लांब उडवण्याचं काम त्या सुपरवायझरचं होतं, त्याला पंटर म्हणतात; तू त्याचा लाँग स्नॅपर झालास. मम्मी हसून हसून बेजार झाली होती. "वसईला पंटर म्हणजे मटक्याच्या अड्ड्यावरची पोरं," ती म्हणाली. "आणि तू पंटरला माल पोचवणार? शाब्बास. सासऱ्यांना पत्र लिहिते मी."

लाँग स्नॅपर म्हणजे कोण, हे मला आजही हॉस्पिटलात समजावून सांगावं लागतं. मी सांगते, की अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लाथेने उडवायचा असतो तेव्हा लाथ मारणारा पंधरा यार्ड मागे उभा असतो. त्याच्या हातात तो चेंडू पायांमधून, गरगर फिरत, डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचवणारा माणूस म्हणजे लाँग स्नॅपर. अख्ख्या सामन्यात त्याला मोजक्या वेळा बोलावतात, एरवी तो बाकावर बसून असतो. चेंडू नीट गेला तर त्याच्याकडे कुणी बघत नाही. चुकला तर सगळं मैदान विचारतं, हा कोण. एवढं सांगून मी थांबते. पुढचं सांगत नाही: की चेंडू सोडताना त्याचं डोकं खाली असतं, मान उघडी असते, आणि हातभर अंतरावर समोर दोन माणसं दबा धरून बसलेली असतात. चेंडू हलला की ती दोघं त्याच्या डोक्यावरून जातात. डोकं वर येईपर्यंत त्याला धक्का लावायचा नाही असा नियम काही ठिकाणी आहे. आपल्या लीगमध्ये तो नियम सामन्याआधी वाचून दाखवायचे आणि पहिल्याच खेळीला विसरायचे.

शुक्रवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, दुपारी सामना. मम्मी आणि मी मैदानाच्या कडेला पाण्याच्या खोक्यांवर बसायचो, मम्मीच्या अंगावर मिस्साचाच ड्रेस असायचा. हेल्मेटवर हेल्मेट आपटतं तेव्हा गटाराचं लोखंडी झाकण सिमेंटवर पडल्यासारखा आवाज होतो. तू दिसेनासा व्हायचास. मग ढिगाऱ्यातून एक हात, एक गुडघा, मग तू. एकदा तुझी करंगळी मागच्या बाजूला दुमडलेली होती. तू ती बघितलीस, दुसऱ्या हाताने धरून जागेवर बसवलीस आणि परत वाकून उभा राहिलास. आणि तू नुसता मार खात नव्हतास. चेंडू सोडून झाला की उठून धावायचास आणि पलीकडे ज्याने तो झेलला असेल त्याला खाली गाडायचास. कॉजवे ओलांडून सौदीहून आलेल्या संघातला एक उंच पोरगा मला आठवतो. तू त्याच्या छातीत खांदा घातलास, तेव्हा त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. वाळलेली फांदी पायाखाली यावी तसा आवाज आमच्यापर्यंत आला. तो आईला हाक मारत होता, अरबीत, पण ती हाक कळतेच. तू परत येताना हसत होतास आणि दातांवर रक्त होतं. सकाळी त्याच तोंडात तू ख्रिस्तशरीर घेतलं होतंस. मम्मीने रुमाल पुढे केला आणि म्हणाली, "पूस. मुलगी बघतेय." मी बघतच होते. मला घरी गेल्यावर चेंडू झेलायचा होता.

कारण चेंडू झेलणं ही माझी दुसरी इयत्ता होती. पॅसेजमध्ये जवळचे, गच्चीवर लांबचे. चेंडूच्या एका अंगाला पांढऱ्या दोऱ्यांची जाड शिवण असते. लाथ मारणाऱ्याला ती वरच्या बाजूला लागते. पायाखाली आली तर चेंडू कुठेही जातो. चांगल्या स्नॅपरचा जोर तोच, अंतर तेच, म्हणून चेंडू हवेत तितकेच फेरे घेतो आणि शिवण दरवेळी त्याच जागी येऊन पोचते. तू म्हणायचास, "डोळे मिट आणि झेल. मग सांग, कुठे आली?" माझे तळवे सोलून निघालेले असायचे. "वर." "परत." "वर." "परत." एखादी जरा उजवीकडे आली की तू उठायचास, कंबर सैल करायचास, बोटं चेंडूवर केसभर सरकवायचास आणि पुढची बरोबर वर यायची. मला शाळेत प्रवेश मिळाला, नंतर आपण हमद टाउनला राहायला आलो, भाऊ जन्मला, तरी हे थांबलं नाही. संघातल्या कुणापेक्षाही तुझा चेंडू माझ्या हाताला जास्त माहीत होता. तुझा पंटरही हे कबूल करायचा. "बिन्ती," तो म्हणायचा, बिन्ती म्हणजे माझ्या मुली, "तेरा बाप का बॉल मैं अँधेरे में भी पकड़ेगा. तू भी पकड़ेगी."

शेवटच्या हंगामात तुला उजेड सोसेना. कामावरून आलास की बाथरूममध्ये दिवा बंद करून बादली उपडी घालून बसायचास. गाडीची किल्ली हातात धरून किल्ली शोधायचास. मम्मी विचारायची तर म्हणायचास, "डोकं नको खाऊस." एका दुपारी कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि तू आतून आलास, फडकंही न घेता कुकर उचललास आणि खिडकीतून बाहेर फेकलास. खाली उभ्या गाडीची काच फुटली, सगळीकडे डाळ, तुझे तळहात भाजून पांढरे पडलेले. भाऊ चार वर्षांचा होता, त्याला ती गंमत वाटली. तो टाळ्या वाजवत होता. तू त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केलास आणि मग खाली बसून रडलास. मम्मी तुझे हात थंड पाण्यात धरून उभी होती आणि मला म्हणत होती, "खाली जा. माणसं विचारतील. सांग, हातातून निसटला."

त्याच महिन्यातला तो गुरुवार. तुझे हात बरे होत आले होते. आपण गच्चीवर. मी झेलते आणि म्हणते, "शिवण खाली, पप्पा."

"नीट बघ."

"खाली आहे."

तू परत टाकतोस. परत खाली. तू बोटं सरकवतोस, परत टाकतोस. पुन्हा खाली, आणि चेंडूही डगमगत आलेला. "खाली," मी म्हणते, कारण कुठे आली ते खरं सांगायचं हेच तू मला शिकवलेलं आहेस. तू सरळ होतोस, वळतोस, चालत माझ्यापर्यंत येतोस, माझ्या हातातला चेंडू काढून घेतोस आणि हातभर अंतरावरून माझ्या तोंडावर फेकतोस. "आता सांग कुठे आली."

नाकातून रक्त थांबत नव्हतं. मम्मीने ते बघितल्यावर मी तिला सगळं सांगितलं, शिवणीचंसुद्धा. तिने मला खुर्चीत बसवून नाक दाबून धरायला लावलं आणि तुझ्यासमोर उभी राहिली. "उद्या जायचं नाही," ती म्हणाली. "मी रोज असली माणसं स्ट्रेचरवर बघते. मला शिकवू नकोस. जायचं नाही." तू तिला मारलंस. उघड्या हाताने, पण पूर्ण खांदा लावून, त्या उंच पोराला मारला होतास तसा. ती फ्रिजवर आपटली आणि वरचा पावाचा डबा तिच्या अंगावर पडला. भाऊ आत झोपलेला होता. मम्मी उठली, डबा परत वर ठेवला, आणि म्हणाली, "उद्या मी येणार नाही. पोरीला ने, नाहीतर कोण तुला घरी आणणार."

म्हणून मी आले. ती खेळी माझ्या डोळ्यांसमोर आत्ताही होते. तू वाकतोस, चेंडू सोडतोस, आणि डोकं वर यायच्या आधी समोरचा एक माणूस खालून वर येतो आणि त्याच्या हेल्मेटचा माथा तुझ्या हनुवटीखाली बसतो. तू पाठीवर पडतोस. उठतोस. आणि चालायला लागतोस समोरच्या संघाच्या बाकाकडे. तिथे जाऊन त्यांच्यात बसतोस. तुझा पंटर हसत जातो, तुझे खांदे धरून तुला वळवतो. "अरे हिंदी, उधर नहीं. अपना घर इधर है." दोन्ही संघ हसतात. कुणीतरी टाळी वाजवतं. त्यानंतरही तू आत गेलास. चेंडू पंटरच्या डोक्यावरून गेला.

शनिवारी सकाळी तू चहाचा कप हातात घेतलास, ओकलास आणि ओटा आणि फ्रिज यांच्या मधल्या जागेत पडलास. मम्मी तुझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होती. तिच्या गालावर तुझी बोटं अजून निळी होती. तुझ्या बरगड्या मोडल्या तिच्या हातांखाली. नर्सला माहीत असतं की त्या मोडतात आणि थांबायचं नसतं. ती थांबली नाही, अँब्युलन्सवाल्यांनी तिला उचलून बाजूला करेपर्यंत. डोक्यात रक्त साचलं होतं, डॉक्टर म्हणाले, बहुतेक बरेच दिवस.

तुझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. मराठी सगळी कळते, बोलतो इंग्लिशमध्ये. त्याला तू आठवत नाहीस, म्हणून त्याने तुला त्याच्या कोचकडून घेतलं. कोच म्हणजे तोच, तुझा पंटर. केस पांढरे झालेत, गुडघा गेलाय, पण पोरं जमवून संघ चालवतो. "तेरा बाप ने बारा साल में मेरे को कभी झुकाया नहीं," तो त्याला सांगतो, "बॉल सीधा यहाँ," आणि पोटासमोर तळवे धरून दाखवतो. मम्मीने आणि मी त्याला दुसरं काही सांगितलं नाही. तो बारा वर्षांचा असताना तुझा चेंडू कपाटातून काढून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "कोच सेज यू नो हाऊ टू कॅच." मी नाही म्हणायला हवं होतं की काय, याचा विचार मी रोज करते आणि रोज वेगळं उत्तर येतं. मी गच्चीवर गेले. डोळे मिटले. सांगत गेले. वर. डावीकडे. परत. त्याचा चेंडू हुबेहूब तुझ्यासारखा येतो, पप्पा, तेवढाच जड वाटतो हाताला.

मी फिजिओथेरपिस्ट झाले आणि एका अटीवर संघासाठी कडेला उभी राहायला लागले. आमच्या कामात एक रीत आहे. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूशी वाद घालायचा नाही; त्याचं हेल्मेट उचलायचं आणि आपल्याजवळ ठेवायचं. हेल्मेटशिवाय पंच कुणाला आत सोडत नाहीत. अट एवढीच, की मी ज्याचं हेल्मेट घेईन तो त्या दिवशी खेळणार नाही आणि मला कारण विचारायचं नाही. कोचने छातीवर हात ठेवला होता. "बिन्ती, खलास. तेरा बात आखरी."

गेला शुक्रवार हंगामातल्या शेवटच्या सामन्याचा. अमेरिकेतल्या एका कॉलेजला तुझा मुलगा हवा होता, म्हणजे हवासा वाटत होता. तिथल्या कोचने एकट्याने टाकलेल्या चेंडूंचे व्हिडिओ बघितले होते. आता त्याला एका खऱ्या सामन्याची सगळी फिल्म हवी होती, अंगावर माणसं येत असताना हा काय करतो ते बघायला. भावाने आठवडाभर धड जेवणही घेतलं नाही. पहिल्या अर्ध्या वेळात त्याचा एकही चेंडू डगमगला नाही. दुसऱ्यात दोघं एकदम त्याच्यावर आले, एकाचा गुडघा त्याच्या हेल्मेटच्या कानाजवळ बसला. तो उठला, आपल्याच बाकाकडे आला. मी त्याला खाली बसवलं आणि तपासलं. बाहुल्या बघितल्या. शब्द सांगितले आणि परत म्हणायला लावले. महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, तो घडाघडा म्हणाला. पण ही चाचणी त्याला पाठ आहे. माझ्या परीक्षेच्या वेळी जेवणाच्या टेबलावर मी त्याच्यावरच तिचा सराव केला होता. म्हणून मी शब्द बदलले, आकडे उलटे म्हणायला दिले. तेही बरोबर. एका पायावर उभा राहिला, डोळे मिटून, हलला नाही.

"क्लिअर?" त्याने विचारलं.

"क्लिअर," मी म्हणाले.

मग तो हात सैल करायला कडेला गेला आणि नेहमीप्रमाणे मी मागे उभी राहिले. चेंडू आला. शिवण खाली. मला वाटलं माझाच हात चुकला. दुसरा आला, खाली. तिसरा डगमगत आला. त्याने पायांमधून माझं तोंड बघितलं.

"इट्स द विंड," तो म्हणाला.

"वारा नाहीये."

"ताई. डोन्ट."

हेल्मेट बाकावर होतं. मी ते उचललं आणि पोटाशी धरलं. तो आला. "दे." हा एकच शब्द तो मराठीत म्हणाला. मी नाही म्हणाले. "आय पास्ड युअर टेस्ट. यू सेड क्लिअर. इट्स ऑल बीइंग रेकॉर्डेड, ताई." मी म्हणाले, "शिवण खाली आली." त्याने ओरडून कोचला बोलावलं.

"बिन्ती, टेस्ट ठीक?" कोचने विचारलं.

"ठीक."

"फिर?"

"शिवण खाली आली. तीनदा."

त्याला मी काय म्हणते ते कळलं. त्या मैदानावर फक्त त्यालाच कळण्यासारखं होतं. तुझे शेवटचे चेंडू त्यानेच झेलले होते. त्याने माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघितलं, मग पोराकडे. "हवा होगा," तो म्हणाला. मी म्हणाले, "माझा बाप त्यांच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा तुम्ही हसला होतात." हे मी मराठीतच म्हणाले, पण त्याला ते बाक आणि तो बाप बरोबर कळले. त्याने तोंड फिरवलं. "यल्ला, चलो, टाइम नहीं है," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. दे म्हणाला नाही, देऊ नकोस म्हणाला नाही.

मग भावाने हेल्मेटची समोरची जाळी धरली आणि ओढली. मी जाळीत बोटं अडकवली होती. मी पडले, तो ओढत राहिला. नकली गवताखालची वाळू माझ्या हनुवटीत गेली, मग काहीतरी टणक लागलं आणि तोंडात रक्ताची चव आली. तो गुडघ्यावर बसून माझं एकेक बोट जाळीतून सोडवत होता, उलटं दुमडून. मी त्याच्या मनगटाला चावले, कातडीखालचं हाड लागेपर्यंत. संघातली पोरं उभी होती, कुणी पुढे झालं नाही. बहीण-भावाच्या मध्ये कोण पडणार. त्याची मूठ माझ्या कानाजवळ वर गेलेली मी बघितली, आणि तेव्हा मी म्हणाले, "मार. पप्पानेही मम्मीला याच्याचसाठी मारलं होतं. फ्रिजवर आपटली ती. दुसऱ्या दिवशी तो खेळला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मेला."

"लायर," तो म्हणाला. पण त्याचा हात सुटला.

त्याच्या जागी दुसरा पोरगा गेला. त्याचा चेंडू जमिनीवरून घरंगळत गेला, समोरच्यांनी तो उचलला, आणि सामना तिथेच संपला. फिल्ममध्ये पुढे मैदान दिसतं आणि मागे, कोपऱ्यात, पाठमोरा तुझा मुलगा एका बाईला ओढतो आहे. ती फिल्म त्याने पाठवली नाही. कॉलेजच्या कोचने दोनदा मेल करून विचारलं, मग दुसरा मुलगा घेतल्याचं सभ्यपणे कळवलं.

घरी आल्यावर तो बूट न काढता स्वयंपाकघरात गेला. "मम्मी, डिड ही हिट यू?" मम्मी पोळ्या करत होती. तिने तव्यावरची पोळी उलटली, भाजली, काढली. "हो," ती म्हणाली. मग माझ्या हनुवटीकडे बघितलं, माझ्या ओढणीवरच्या रक्ताकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला? माझं होतं ते. पंधरा वर्षं मी त्याला एक धड बाप देऊन ठेवला होता." भाऊ खोलीत गेला आणि त्याने भिंतीवरचा तुझा फोटो उतरवला, फोडला नाही, नुसता कपाटामागे उलटा ठेवला.

शनिवारी मम्मीने त्याचा हात धरून त्याला स्कॅनला नेलं, मीही मागोमाग गेले. माझ्यासमोर त्याचा निकाल आला. कुठे रक्त नाही, सूज नाही, काही नाही. कोचचा फोन आला. "अल्हमदुलिल्ला, लड़का एकदम ठीक. खलास, बिन्ती, टेन्शन मत ले." त्या आवाजात मला माफ केल्याचा सूर होता, म्हणजे मी चुकले हे ठरलं होतं. मला माहीत आहे की अशी इजा स्कॅनमध्ये दिसत नाही. दिसतं ते रक्त. मेंदू हादरलेला दिसत नाही. मी हे मम्मीला दोनदा सांगितलं. "मला माहीत आहे," ती ओट्याकडे बघत म्हणाली, "मीही तिथेच काम करते." तेव्हा माझ्या बाजूला आता काय उरलं आहे, तर माझ्या तळहातांना जे वाटलं ते. तीन चेंडू. कदाचित खरंच वारा असेल. कदाचित त्याचा हात थकला असेल, किंवा माझेच हात त्या क्षणी तुझा चेंडू झेलत असतील. मी हे सगळं अनेकदा क्रमाने लावून बघितलं, तू शिकवलंस तसं, आणि दरवेळी मी परत हेल्मेट उचलते. परत सोडत नाही. एवढं मला पक्कं कळलंय. ते बरोबर आहे का, हे नाही कळलं.

तुला वसईला पुरलं, चर्चमागे, तुझ्या आईबाबांच्या शेजारी. डिसेंबरात आम्ही जाऊ तेव्हाही हे कागद मी तिथे नेणार नाही, आणि भावाला तर कधीच दाखवणार नाही, पुढच्या गोष्टीमुळे.

स्कॅनच्या खोलीतल्या माणसाने स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, "ऑल क्लीन." मम्मीने क्रूसाची खूण केली. मीही केली. पण माझा हात कपाळापर्यंत पोचायच्या आधी, पप्पा, त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात मी कुठे काही सापडतंय का ते शोधत होते, आणि काही सापडलं नाही म्हणून मला वाईट वाटलं होतं.